लोकप्रिय कंपायलर आणि पुराचा भोंगा

प्रति,
मा. अध्यक्ष,
मुक्त सॉफ्टवेअर निवड समिती,
पूरसूचना कार्यालय.

विषय: लोकप्रियता पाहून कंपायलर बदलण्याचा निर्णय मागे घेणेबाबत.
संदर्भ: नव्या कंपायलरला माझी संमती मागणारे आपले पत्र.

महोदय,

१. नदी चढू लागली की भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम मी याच कार्यालयात नोकरीस असताना लिहिला. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणून देतो तो कंपायलर. आपणांस हे ठाऊक असेलच; भर बैठकीत दोन सदस्यांनी विचारले, म्हणून नमूद केले.

२. जुना आणि नवा, दोन्ही कंपायलर मुक्त आहेत. आत काय आहे ते कोणीही उघडून पाहावे. समितीने पाहिले नाही. कोणता किती वेळा डाउनलोड झाला तेवढे मोजले आणि नव्याच्या गळ्यात माळ घातली. "आजी, जग कुठल्या कुठे गेलंय," असे आपले तंत्र सल्लागार मला म्हणाले. गेले असेल. पण मोजलेले डाउनलोड आपल्याच चाचणी यंत्राचे आहेत. त्यावर नवा कंपायलर वरचेवर अर्ध्यात कोसळतो आणि यंत्र तो पुन्हा मागवते. म्हणजे दर आपटीला एक नवा चाहता! जुना एकदाच बसवला आणि बसला, म्हणून तो नावडता. या हिशेबाने घरातला गळका नळ सर्वांत लाडका म्हणावा. प्लंबर त्याच्याच भेटीला येतो.

३. आमच्या वेळी प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडून द्यावा लागे. चूक दुसऱ्या दिवशी कळे, तीही एका तुटक ओळीत. त्यामुळे माणूस देण्याआधी वाचत असे. नवा कंपायलर चूक गोड बोलून समजावतो, हा त्याचा गुण मी मानते. जुना नुसता वसकन अंगावर येतो. पण आपल्याला जावई शोधायचा नाही.

४. पातळीमापकाची तार तुटली की यंत्राकडे "आकडा नाही" अशी खूण येते. ती दिसताच भोंगा आधी वाजवायचा, चौकशी मागाहून, असे मी लिहिले आहे. समितीने नव्या कंपायलरचा "अतिवेगवान" पर्याय निवडला. त्या पर्यायात तो अशी खूण कधी येतच नाही असे धरून चालतो आणि माझी तपासणीच गाळतो. चाचणी यंत्रावर मी तार काढून पाहिली. भोंगा गप्प. कंपायलरचा यात दोष नाही. त्याच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिले आहे. पुस्तिका लोकप्रिय नसावी.

५. तारा तुटतात त्या नेमक्या पुरातच. माझी धाकटी जाऊ नदीलगतच्या गल्लीत राहते, पायाने अधू आहे. भोंगा वाजला की शेजारचा सुतार तिला उचलून चढावर नेतो. पाऊस लागला की ती मला फोन करते, "जाऊबाई, भोंगा नाही वाजला म्हणजे निजू ना?" आजवर मी बेलाशक "नीज" म्हणत आले. उद्यापासून आपला कंपायलर लागू होत आहे. तिला काय सांगावे, ते समितीने आजच, लेखी आणि सहीनिशी कळवावे.

उत्तरासाठी कार्यालयाच्या बाकावर बसलेली,

(सही)
सेवानिवृत्त प्रोग्रॅमर
दिनांक: निर्णय लागू होण्याचा आदला दिवस

सोबत:
(१) माहितीपुस्तिकेतील संबंधित पान.
(२) आपण पाठवलेले संमतिपत्र, कोरे.
(३) जावेचा फोन क्रमांक.