दह्याने उतरलेलं प्रेशर

३ जून
डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी दिली. जन्मभर घ्यायची, म्हणे. युनियनचा पुढारी मी, डेअरीच्या मॅनेजमेंटपुढे कधी मान झुकवली नाही, आणि या चिमूटभर गोळीपुढे झुकवू? त्रिवार नाही!

५ जून
लायब्ररीत बसून वाचलं. दूध आंबताना त्यातल्या प्रोटीनचे बारीक तुकडे होतात. पेप्टाइड. त्यांतले काही रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एन्झाइमला अडवतात. म्हणजे मी डेअरीत पॅकिंगवर उभा राहून वर्षानुवर्षं औषधच पिशव्यांत भरतोय! लेखाच्या शेवटी लिहिलंय की परिणाम माफक आहे, अजून संशोधन हवं. शास्त्रज्ञ मुळातच भित्रे.
संकल्प: गोळी बंद. दोन्ही वेळा वाटीभर दही.
बायको म्हणाली, अहो, दही खा आणि गोळीही खा, त्या दोघांचं काय भांडण आहे का? मी तत्त्वाचा प्रश्न समजावून सांगितला. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१२ जून
मान दुखते. प्रेशर चढलेलंच. दही नीट आंबलं नव्हतं, दुसरं काय! बायको म्हणाली, उद्यापासून दही मी लावते, वाटीही मीच भरून देईन. पहिला अनुयायी घरातच मिळाला.

२४ जून
प्रेशर नॉर्मल! कंपाउंडरने दोनदा मोजलं. दही हल्ली जरा कडवट लागतं. लेखात होतंच: पेप्टाइड कडू असतात. सत्यही कडूच असतं. (भाषणात वापरणे.)

२ जुलै
गेट मीटिंग. विषय ओव्हरटाइमचा होता, मी पेप्टाइडवर आणला. लॅबमधल्या बाई मध्येच म्हणाल्या, दादा, दही चांगलंच आहे, पण लोकांच्या गोळ्या सोडवू नका. मी म्हणालो, बाई, तुम्ही दुधातलं फॅट मोजा, माणसांचं आम्ही बघतो. टाळ्या! बॉयलरवाल्याने नेहमीची शिट्टी मारली. माझ्या प्रत्येक भाषणाला पहिली शिट्टी त्याची. नंतर गळ्यात पडून म्हणाला, पुढारी, तू म्हणतोस ना, मग माझीही गोळी आजपासून बंद. पाकीट माझ्यासमोर गटारात फेकलं. डोळे भरून आले.

९ जुलै
मेहुणीचं ऑपरेशन, बायको तिकडे गेली. निघताना म्हणाली, अहो, मी येईपर्यंत तरी गोळी घ्या, माझी शपथ आहे. हो म्हणालो. शपथ अंधश्रद्धा आहे, सबब लागू नाही.

१३ जुलै, सकाळ
डोकं जड. प्रेशर आभाळाला. दही मीच लावतोय, पण कडवटपणा औषधालाही नाही. दुधातून पेप्टाइड काढून घेतायत! मॅनेजमेंटला खरमरीत पत्र लिहिलं. बॉयलरवाल्याचा फोन: त्याचंही डोकं ठणकतंय. त्याला वाटी दुप्पट करायला सांगितलं. धीर धर म्हणालो, क्रांती एका दिवसात होत नसते.

१५ जुलै
बायको परतली. माझं तोंड बघून प्रेशर मोजायला लावलं. मग कपाटातून छोटा खल काढून पुढ्यात ठेवला. म्हणाली, हे तुमचं पेप्टाइड. रोज गोळी कुटून दह्यात कालवत होते. ऐकत नव्हतात, मग काय करणार?
घरातल्या विश्वासघातावर मी बोलायला उभा राहिलो. ती मध्येच म्हणाली, बसा. हे दह्याचं आणखी कुणाला सांगितलंत का?
तेवढ्यात फोन वाजला. बॉयलरवाला ड्युटीवर असताना कोसळला होता.

१७ जुलै
हॉस्पिटल. त्याची उजवी बाजू गेली. वाचाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईलच असं नाही. मला पाहून त्याने ओठ जुळवायचा प्रयत्न केला. शिट्टी मारत होता. अर्ध्या तोंडातून नुसती हवा आली.
वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही सांगितलं तसं दोन-दोन वाट्या खात होते हो. तुम्हाला तर गुण आला. यांचं कुठे चुकलं?
मी घसा खाकरला. 'बघू,' म्हणालो.

१७ जुलै, संध्याकाळ
बायकोने दह्याची वाटी पुढे केली. नको म्हणालो, नुसती गोळी दे. न गिळता चघळून पाहिली.
तीच चव.