रांगेतून काढलेली माणसं

मुलुंड पूर्व

प्रिय सुशांत,

'प्रिय' हे पत्राच्या डोक्यावर असतं म्हणून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. परवा फोनवर तू इतक्या गोड आवाजात "गंधू, कशी आहेस गं?" म्हणालास, तेव्हाच कळलं की तुझं काहीतरी अडलंय. आपलं लग्न मोडल्यापासून तुला माझ्या तब्येतीची आठवण झाली नव्हती. मग आलंच ते. "विश्लेषणाची पद्धत बदलायचं आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं, एवढंच चौकशी समितीला सांग ना." मी गप्प राहिले, तो तू होकार समजला असशील. गप्प बसलेली माणसं तुला नेहमीच आपल्या बाजूची वाटतात.

मरोळच्या ऑफिसात नव्या मुलांना तू शिकवायचास ते आठवतं का? "सरासरीला दोन-चार दांडगे आकडे फितवू शकतात. रांगेला फितवता येत नाही." औषध घेतलेले आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेतलेले, सगळे पेशंट एकाच रांगेत उभे करायचे. ज्याची तब्येत सगळ्यात जास्त सुधारली तो पुढे, जो सगळ्यात खालावला तो मागे. कोण किती पुढे गेला ते सोडून द्यायचं, कोण कुणाच्या पुढे आहे तेवढंच बघायचं. औषधात दम असेल तर औषधवाले पुढच्या बाजूला दिसतील. किती सोपं करून सांगायचास. मी त्या वाक्यावर भाळले होते. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. वाक्य चांगलं होतं, माणूस नव्हता.

फुप्फुसाच्या त्या औषधाच्या चाचणीसाठी ही रांगेची पद्धत तूच सुचवलीस. सहा मिनिटांत पेशंट किती चालतो ते सुरुवातीला मोजायचं, शेवटी पुन्हा मोजायचं. आणि जो दगावला किंवा ज्याला शेवटी चालताच आलं नाही, त्याला रांगेत अगदी मागे उभं करायचं, कारण त्याच्याइतकं वाईट कुणाचंच झालं नाही. हे सगळं पहिली गोळी देण्याआधी ठरलं होतं. तुझ्या सहीने.

मग निकाल उघडला. औषधवाले आणि दिखाऊ गोळीवाले रांगेत असे मिसळलेले की खिचडी बरी. आणि शेपटाला, जिथे न चालू शकलेले होते, तिथे गर्दी औषधवाल्यांची. "वाट लागली," म्हणालास आणि केबिनचं दार लावून घेतलंस. दार उघडलं तेव्हा तुला नवा साक्षात्कार झाला होता. आता रांग नको, सरासरी काढू. जे चाललेच नाहीत त्यांचं अंतर मोजलेलं नाही, म्हणजे ते हिशेबातच नाहीत. औषधावरचे तीन-चार तरणे पेशंट भराभर चालले होते, त्यांनी सरासरी ओढून वर नेली. "झकास," म्हणालास. तुला लाजही वाटली नाही, आणि शिकवलेलं तर तू त्याच दुपारी विसरलास.

कमळमावशी तुला आठवत नसेल, तू पेशंटला कधी भेटायचास कुठे. मरोळच्या बाजारात मासे विकणारी कोळीण. चाचणीत आली तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन चढ चढायची, मध्येच थांबायची, पण चढायची. शेवटच्या तपासणीला सून तिला धरून घेऊन आली. भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मना नाय जमत गो, बाय." मी तिला खुर्चीत बसवलं. ती औषधावर होती. आता तिच्या जागी सून बसते, मावशी घरात खाटेवर असते. हे तुला सांगितलं तर तू म्हणालास, "भावना बाजूला ठेव, गंधू. आकडा नाही म्हणजे पेशंट नाही."

त्या नव्या हिशेबावर मी सही केली नाही. आपल्या टीममधल्या निमेशने केली, तो कशावरही करतो. मी नोकरी सोडली, तुला सोडलं, समितीकडे तक्रार केली. तू सगळ्यांना सांगत फिरलास की गंधालीला कामाचं प्रेशर झेपलं नाही. तक्रार पडून राहिली. औषध बाजारात आलं, आणखी माणसं धापा टाकायला लागली, तेव्हा कुठे समितीला जाग आली.

इतके दिवस मी तुला निदान मूर्ख समजत होते. वाटायचं, स्वतःच्या सरासरीवर याचा स्वतःचाच विश्वास बसलाय. पण गेल्या रविवारी घाटकोपरला तुझे वडील, नाना, भेटले. गिरणीतल्या कापसाने खाल्लेली त्यांची छाती, चार वाक्यांत दोनदा थांबले. पण तुझं कौतुक सांगताना चेहरा फुलला. "चेडवा, सुशांतान डॉक्टराक बजावल्यान, ता नवीन औषध माज्या बापाशीक नको, जुनाच देवा. बापाशीची काळजी असा त्याका." ते औषध तुमच्याच कंपनीने पास करवलंय, हे त्यांना ठाऊक नाही. तुला मात्र सगळं ठाऊक होतं. त्यानंतर तुला मूर्ख म्हणायची सोयही उरली नाही.

गुरुवारी मी समितीपुढे जाणार आहे. काय ठरलं होतं, तू काय बदललंस आणि कमळमावशीला कुठून काढलंस, एवढंच सांगेन. नानांचं बोलणं तिथे काढणार नाही. त्यांना अजून मुलाचा अभिमान आहे, तो परक्यांसमोर मोडायचा मला अधिकार नाही. तो तुझाच. म्हणून हे पत्र. गुरुवारच्या आत घरी जा, त्यांच्यासमोर बस आणि ते औषध त्यांना का नको, ते तुझ्या तोंडाने सांग. नाहीतर एक दिवस ते मला विचारतील, आणि त्यांच्याशी मी खोटं बोलणार नाही.

तुझी एकेकाळची सहकारी,
गंधाली