हा संगणक अपडेट करू नये

मी, भीमाचार्य त्रिविक्रमाचार्य गलगली, वय ७४, निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, राहणार बनशंकरी दुसरा स्टेज, बेंगळूरु, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा हर्ष याला. सोल्डरिंगची हत्यारेही त्यालाच; तो वापरणार नाही हे ठाऊक आहे.

२. हॉलमधला संगणक हर्षला देऊ नये. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि वाईन नावाच्या प्रोग्रॅममधून माझी दिवंगत पत्नी सत्यवती हिचे विंडोजचे जुने मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर चालते. तिने लिहिलेल्या एकशे सहा फाइली त्यातच वाचता येतात. दुसरीकडे नुसती चिन्हे दिसतात.

सहा वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळलेली असताना हर्ष इलेक्ट्रॉनिक सिटीहून आला आणि मला न विचारता अपडेट लावून बसला. "अण्णा, स्वल्प थांबा, होतंय," म्हणाला. सॉफ्टवेअर उघडेना. ते पूर्ववत करायला मला अकरा दिवस लागले, आणि तिच्याजवळ दिवस मोजकेच होते. त्यानंतर ती एकदाच खुर्चीत बसून त्यावर लिहू शकली. त्याला नको नको ते बोललो. तेव्हापासून त्याला कीबोर्डला हात लावू दिलेला नाही. तो येतो, कॉफी पितो, जातो.

३. संगणक शेजारच्या भव्या हिला. इंटरनेटची वायर काढलेलीच राहावी. कोणी अपडेट सुचवल्यास नाही म्हणावे. त्यावर विंडोजचा पत्त्यांचा खेळ माझा शेजारी जयतीर्थ रोज चारला येऊन खेळतो. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार असल्याने त्याला काही देणे बरे नाही, म्हणून नुसते खेळू द्यावे.

४. शेवटच्या फाइलीचे नाव 'ह्यांना' असे आहे. मी ती अजून उघडलेली नाही. ती अर्ध्यावर तुटलेली असेल, नुसती चिन्हे दिसतील, या भीतीने हात मागे येतो. ती कोणाला द्यावी हे सुचत नाही. जयतीर्थ म्हणतो, "आचार्रे, तुमच्या नावाचं पत्र दुसऱ्याला कसं देणार? उघडा की."

५. वरील कलम लिहून झाल्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर फाइल उघडली. अक्षरे शाबूत आहेत. मजकूर जसाच्या तसा:

"अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून दे, असं हर्षला मीच सांगितलं होतं, म्हणून त्याने ते अपडेट लावलं. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली, कारण तुम्ही हात लावू दिला नसता. तो गप्प बसून तुमचं ऐकून घेतोय. आता पुरे करा."

६. कलम दोन व तीन रद्द. संगणक हर्षला. त्याला वाटेल तेव्हा त्याने अपडेट करावा. सोल्डरिंगची हत्यारे भव्याला. जयतीर्थाचा खेळ चालू राहावा.

हर्षला फोन केला. "सरी अण्णा, बरं, निघतो," म्हणाला. कशासाठी ते विचारले नाही. मंगळवारला दोनच दिवस आहेत, आणि मला सहा वर्षांचे बोलायचे आहे.

सही: भीमाचार्य त्रि. गलगली

आमच्यादेखत सही केली:
जयतीर्थ कट्टी, शेजारी
सुप्रीता जहागीरदार, पहिला मजला

बनशंकरी, बेंगळूरु
रविवार, ९ मार्च २०२५