कंबर छत्तीस

५ नोव्हेंबर
मुलीचं ठरलं. पंधरा जानेवारीला रजिस्टर लग्न, संध्याकाळी हॉलमध्ये दोनशे माणसं. म्हणाली, बाबा, माझ्या शेजारी उभं राहून तुम्ही दोन मिनिटं बोलायचं, भाषण नको, बोलणं हवं. त्यात काय, म्हटलं, बोलू.
व्याही सर्जन. सुटाबुटात वावरलेला माणूस. आपण खांद्यावर शटरच्या पट्ट्या वाहून वर आलो, तीस वर्षांत वर्कशॉप उभं केलं, पण अंगाला सूट कधी लागला नाही. या वेळी शिवायचाच. बायको म्हणाली, कशाला, तो राखाडी सफारी आहे की.

८ नोव्हेंबर
एका व्हिडिओवाल्याकडून सगळं शास्त्र शिकलो. खांद्याची शिवण खांदा संपतो तिथेच संपावी. बाहीतून शर्ट अर्धा इंच दिसावा. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडू नयेत. खालचं बटण कधीच लावायचं नाही. मग ते शिवतात कशाला, हे त्याने सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर
टेलरमास्तरांकडे. म्हातारा, तोंडात टाचण्या. टेप लावून म्हणाले, चाळीस. मी म्हटलं, छत्तीस लिहा. दोन महिने हातात आहेत, उद्यापासून चालणार, भात बंद. मास्तर म्हणाले, चाळीस लिहितो साहेब, उतरलात तर आत घेऊ. म्हटलं, अशी सवलत दिली की माणूस ढिला पडतो. निदान शिवणीच्या आत थोडी माया तरी सोडतो म्हणाले, जादा कापड राहिलं तर उसवून वाढवता येतं. एक धागाही नको, म्हटलं.
मास्तरांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि छत्तीस लिहिलं.
गिऱ्हाईकाने तोंडी सांगितलेल्या मापावर मी आयुष्यात एकही शटर केलेलं नाही. पण ते वेगळं. दुकानाचं दार काही पहाटे उठून चालायला जात नाही.

११ नोव्हेंबर, पहाट
धुकं आहे. सोमवारपासून.

२ डिसेंबर
चाललो. बेकरीपर्यंत. बेकरी उघडी होती.

९ डिसेंबर
टाय. आरशात बघून बांधायला गेलं की डावं ते उजवं होतं. पहिल्यांदा बेंबीवर संपला, दुसऱ्यांदा मांडीवर आला. व्हिडिओवाला म्हणतो, टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकलं पाहिजे. मला बकल दिसत नाही.
वर्कशॉपात कुणाला कळू नये म्हणून केबिनचं दार लावून सराव करत होतो. बाहेर वेल्डर कुणाला तरी म्हणाला, मालक तासभर आत आहेत, मघाशी गळ्याला काहीतरी गुंडाळताना दिसले, दार वाजवू का. कान तिखट असण्याचा हा तोटा.

२० डिसेंबर
भिंतीपलीकडून मायलेकींचं बोलणं ऐकलं. मुलीने विचारलं, बाबा बारीक झालेत का गं. बायको म्हणाली, कुठे? मग दोघी हसल्या. बहुतेक विषय बदलला असावा.

४ जानेवारी
सूट आणला. मास्तर म्हणाले, इथेच घालून बघा, ट्रायल घेतल्याशिवाय मी कपडा देत नाही. घाई आहे म्हटलं. जाता जाता पुन्हा म्हणाले, मग परवा तरी आणा, एक गोष्ट बघायची आहे. म्हाताऱ्याला गिऱ्हाईक सोडवत नाही.
कपाटात टांगला. किल्ली माझ्या खिशात. बायकोने इस्त्रीला म्हणून तीनदा मागितला. दिला नाही. एकदम अंगावरच दाखवायचा. अजून अकरा दिवस आहेत, मनावर घेतलं तर चार इंच काही फार नाहीत.

१४ जानेवारी, संध्याकाळ
दार लावून घातला. खांदे उत्तम. बाहीतून शर्ट बरोबर अर्धा इंच. बटण आणि काज यांच्यात मात्र चांगलं चार बोटं अंतर आहे. पँटचा हूक लागत नाही, पट्ट्याने धरून ठेवली आहे.
धावत जाऊन तयार ओव्हरकोट आणला. गुडघ्यापर्यंत. सगळं झाकतो. व्हिडिओवाला म्हणतो, छपराखाली आल्यावर ओव्हरकोट काढावा. त्याचं पोट सपाट आहे.

१६ जानेवारी
काल झालं.
हॉलमध्ये थंडी नव्हती. मी गळ्यापर्यंत बटणं लावून तीन तास. मेहुण्याने कपाळाला हात लावून बघितला, म्हणाला, दाजी, ताप आहे का. हो म्हटलं. त्याने पंखा बंद केला.
व्याही आले ते साध्या स्वेटरमध्ये. म्हणाले, सूट आहे हो माझ्याकडे, पण बटण लागेना झालंय. आणि पोटावर हात फिरवून मोकळेपणाने हसले. मलाही हसायचं होतं. पट्ट्याचा भरवसा नव्हता.
मग मुलगी माइक घेऊन शेजारी उभी राहिली. बोला बाबा, म्हणाली. दोन पानं लिहिली होती, तिच्या पहिल्या सायकलपासून. पानं सुटाच्या आतल्या खिशात, त्यावर ओव्हरकोट. हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. लोकांना वाटलं, बापाला भरून आलं. टाळ्या वाजल्या.
मी म्हटलं, सगळे आलात, बरं वाटलं. जेवून जा.
मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातून माइक परत घेतला.

१८ जानेवारी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, खरं काय बोलणार होतात? तेच, म्हटलं, जेवून जा. बरं, म्हणाली. नंतर बराच वेळ तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.

२० जानेवारी
मास्तरांकडे सूट नेला. म्हणाले, साहेब, आत तीन बोटं माया ठेवली होती. तुमच्या मिसेस नोव्हेंबरातच सांगून गेल्या होत्या. ट्रायलला थांबला असतात तर संध्याकाळपर्यंत उसवून दिला असता.
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी किल्ली खिशात घेऊन हिंडत होतो.
मास्तरांनी आतल्या खिशातली पानं काढून माझ्या हातात दिली. घामाने शाई पसरलीय. सायकल एवढं वाचता येतं, पुढचं नाही. मग त्यांनी बसून माया उसवली, होती तेवढी सगळी. घालून बघितला. बटण अजून काजापासून बोटभर लांब.
टेप लावला. एक्केचाळीस, म्हणाले. वही उघडली, पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं.
लिहा म्हटलं. पण पेन्सिलने.