रिकामी आकडी

शनिवार, संध्याकाळ. सिलिकॉन ओएसिस

बाबांना सकाळी उगीच बोलले. गावाहून महिनाभरासाठी इथे आखातात माझ्याकडे आलेत. आज वाळवंटात फिरायला निघताना शर्टाखाली कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी दिसली. रिकामीच. इथे शिकारीला बंदी आहे, कोयता लावून फिरता येत नाही, हे मीच फोनवर सांगितलं होतं, म्हणून कोयता घरी ठेवून आलेत. कायद्याशी ते वाद घालत नाहीत. निवडणूक आली की परवान्याची बंदूकही पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमा करतात. तरी मी म्हटलं, "रिकामी आकडी कशाला? लोक हसतील."

"सवय गं," एवढंच म्हणाले.

तिथे एक अरब माणूस ससाण्याला शिकवत होता. माझी सई बघायला धावली आणि त्याचा मोठा कुत्रा भुंकत तिच्या अंगावर आला. बाबांचा हात मागे आकडीकडे गेला, रिकामाच परत आला. मग ते हात पसरून सईच्या पुढे उभे राहिले. गुडघे धरून चालणारा माणूस धावला कधी? मालकाने हाक मारली, कुत्रा वळला.

"आजोबा, ही वॉज जस्ट प्लेइंग," सई म्हणाली.

गाडीत मी विचारलं, "हातात काही नव्हतं ना?"

"शेतात घुसलेल्या रानडुकराच्या मागे गेलो की बंदुकीचा एकच बार. तो चुकला तर कोयता. तोही नसला तर आपण असतोच की."

आकडी त्यांनी आता बॅगेच्या तळाशी ठेवलीये. उद्या फिरायला निघताना मीच काढून देईन.