ताकदीच्या गोळ्यांची बाटली

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ठमीच्या लिव्हरमध्ये तीन गाठी निघाल्या. घाबरू नकोस, कॅन्सर नाही! आमचे मास्तर इतके खूश झाले, की डॉक्टरांचाच चष्मा खिशात घालून घरी आले.

पण उजव्या कुशीत दुखतं गं. डॉक्टरांनी विचारलं, मूल न होण्याच्या, पाळीच्या गोळ्या घेता का? त्या गोळ्यांनी या गाठी वाढतात, फुटतातही. नातवंडाची वाट बघणाऱ्या सासूबाई शेजारीच उभ्या, मी नाही म्हणून बसले. तू त्या ताकदीच्या बाटलीत भरून पाठवतेस, हे मास्तरांनाही ठाऊक नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिल्यास म्हणून औषधाच्या दुकानातली तुझी नोकरी जायची. बाटली तळाला आलीय. घेऊ की थांबवू? मला भीती वाटते. लवकर लिही, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी ठमी

१२ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

काल ठमी ओट्याला धरून खाली बसली, पांढरीफटक. गाठ फुटून पोटात रक्त साचलं होतं. तातडीनं ऑपरेशन करून लिव्हरचा तुकडा काढला. घाईत खरडतोय, अक्षराला हसू नका.

दोन गाठी आत आहेत, त्याही फुटू शकतात. डॉक्टरांनी पुन्हा गोळ्यांचं विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, ताकदीच्या सोडून काही नाही. तुमची नवी बाटली आजच पोचली. तोंडानं औषधं सुरू झाली की पहिली तीच देईन. तुमचा आधार आहे, तो असू द्या.

आपला,
मास्तर

१४ फेब्रुवारी

मास्तर,

नमस्कार-चमत्कार नंतर. ती बाटली तिला देऊ नका! त्या पाळीच्या गोळ्या आहेत. ठमीनं सगळं लिहिलं होतं. मी मेलीनं गिऱ्हाईक सांभाळत ‘कॅन्सर नाही’ इथवर वाचलं, आनंदात बाटली भरली आणि पत्र खणात टाकलं. बाकीचं आज वाचलं.

तुमचा फोन लागत नाही. औषधांच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्याच हॉस्पिटलात माल उतरवतो, त्याच्या हाती हे देते. बाटली डॉक्टरांना दाखवा, माझं नाव सांगा. मालकांना मी सांगून टाकलंय. दिली नाही, एवढंच मागे लिहून पाठवा. माझ्या जिवात जीव नाही.

ताई

(त्याच कागदाच्या मागे)

ताई, सकाळीच एक दिली होती.

तुमचं पत्र वाचून दाखवल्यावर ठमीनं ती गोळी उशीखालून काढून माझ्या हातावर ठेवली. मला सांगायला घाबरत होती. डॉक्टरांकडे निघालोय. तुम्ही या.