फॉर्म क्रमांक २१२ : शाळेच्या गाडीचा चालक

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधन नीतिसमिती, सार्वजनिक रुग्णालय

विषय : गुप्ततेच्या हमीतून आज सायंकाळपर्यंत मोकळीक मिळणेबाबत.
संदर्भ : मद्यपान व इजा अभ्यास, नियम ४ (गुप्तता) व नियम ९ (तुलना).

महोदय,

सविनय सादर की, मी अपघात विभागात जखमींकडून प्रश्नावली भरून घेते. रुग्णाला श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावायचे, इजेआधीच्या सहा तासांत किती घेतली ते विचारायचे, आणि मागच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी किती घेतली होती तेही. माणसाची तुलना त्याच्याशीच. त्याआधी हमी वाचून दाखवायची, की हे बाहेर कुणालाही कळणार नाही.

२. काल सकाळी नऊला एक चालक गाडीच्या दारात बोट चेंगरून आला. यंत्राचा आकडा पाहून मी त्याला पुन्हा फुंकायला लावले. आकडा तोच. पहाटेपासून अर्धी बाटली, म्हणाला. मागच्या आठवड्यात? तेवढीच. रोज तेवढीच, ताई, तुमच्यापासून काय लपवायचं, असे म्हणून तो मोकळा झाला. मग त्याने शाळेचे आणि आमच्या गल्लीचे नाव सांगितले. माझी मुलगी त्याच गाडीने जाते. तिला रोज आजी बसवते, म्हणून मी त्याला ओळखत नव्हते.

३. नियम ९ प्रमाणे दोन्ही वेळी सारखीच घेणाऱ्याचा फॉर्म तुलनेस निरुपयोगी ठरतो. वरिष्ठांनी त्यावर ‘वगळावा’ असा शेरा मारला. म्हणजे कधीमधी घेणारा कागदावर राहिला, आणि रोज घेऊन वीस मुले नेणारा सुटला!

४. मी तोंड उघडले तर पुढचा एकही जखमी खरे बोलणार नाही, दीड वर्षाचे काम पाण्यात जाईल, हे वरिष्ठांचे म्हणणे मला पटते. तो चालकही माझ्याच शब्दावर विसंबून खरे बोलला. परंतु आपल्या लिपिकांकडून कळते की समितीची बैठक अठ्ठावीस तारखेला आहे. गाडी उद्या सकाळी सातला आहे, साहेब.

५. आज मी पोटदुखीचे खोटे कारण सांगून मुलीला घरी ठेवले. शेजारणीने मात्र आपली दोन्ही मुले माझ्यादेखत गाडीत चढवली, आणि मी त्यांना हात हलवून टाटा केला. दुपारी गाडी परत येईपर्यंत मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. मला फार भीती वाटते, आणि त्याहून जास्त लाज.

सबब विनंती की, आज सहापर्यंत लेखी परवानगी द्यावी. न मिळाल्यास उद्या सातला मी गाडीपुढे उभी राहून शेजारणीला सगळे सांगणार आहे. मग हाच अर्ज माझा राजीनामा समजावा.

आपली नम्र आणि घाबरलेली,
(सही)
प्रश्नावली भरणारी, अपघात विभाग
बुधवार, दुपारी दोन

सोबत : फॉर्म क्र. २१२ ची प्रत. चालकाचे नाव काळ्या शाईने झाकले आहे. सहा वाजेपर्यंत.